हात उचलेपर्यंत

“बांधा मास्तर, आणखी घट्ट. हा हात माझं ऐकत नाही.”

सामीने डावा पंजा हॉकी स्टिकच्या मुठीवर आवळून धरला होता आणि मी जुन्या धोतराच्या पट्टीने तो पंजा, त्याच्या दोन वाकड्या बोटांसकट, मुठीला गुंडाळत होतो. खडकीच्या मैदानावर धुकं उतरलं होतं. पलीकडच्या गोठ्यांतून धारा काढण्याची गडबड ऐकू येत होती.

“दुखतंय का?” मी विचारलं.

“दुखू दे. लग्नात बायकोनं पण हात एवढा घट्ट धरला नव्हता.”

मी गाठ मारली, चेंडू उचलला आणि गोलरेषेवर जाऊन उभा राहिलो. सामी समोर, डीच्या म्हणजे गोलापुढच्या अर्धवर्तुळाच्या कडेला, कमरेत वाकून तयार झाला. मी चेंडू ढकलला. तो जवळ येतो न येतो तोच सामीचा बांधलेला हात झटका खाऊन जमिनीकडे गेला, हाताबरोबर स्टिक गेली, आणि स्टिकच्या मागोमाग सामी तोंडावर आपटला. चेंडू त्याच्या शेजारून निवांत पुढे निघून गेला.

“बघितलं?” तोंडातली माती थुंकत सामी म्हणाला. “मी नाही टाकला. तोच गेला.”

त्याचं पूर्ण नाव आरोग्यस्वामी. आजोबा पलटणीबरोबर मद्रासकडून आले आणि खडकीचेच झाले. सामी कारखान्यात फिटर होता. पस्तिशी ओलांडलेली, केस विरळ झालेले. मी तिथल्याच प्राथमिक शाळेत पहिलीचा मास्तर. हॉकी मी कधी खेळलो नाही, पण आमच्या गवळीवाडा इलेव्हनची मॅच कधी चुकवली नाही, आणि त्या काळात ही काही अभिमानाने सांगायची गोष्ट नव्हती.

कारण आम्ही हरत होतो. साधं हरणं असतं तर माणूस सवय करून घेतो. आमचं हरणं दर वेळी नव्या तऱ्हेचं असे. एकदा आमच्या गोलकीपरच्या पॅडचा पट्टा ऐन वेळी तुटला आणि तो पट्टा बघायला खाली वाकला, तेवढ्यात चेंडू त्याच्या डोक्यावरून आत गेला. एकदा समोरच्या संघाचा टेम्पो वाकडेवाडीला बंद पडला. त्यांचे नऊच खेळाडू येऊ शकले. त्या नऊ जणांशीही आम्ही हरलो. गवळीवाड्यात लग्नाची बोलणी चालली की मुलीकडचे विचारत, “मुलगा मॅचेस बघतो का हो?” आणि हो म्हटलं की म्हणत, “मग सोशीक असणार.”

मैदानाच्या कडेला हौसाबाई उकडलेल्या शेंगा विकायची. शेंगा विकण्यापेक्षा शिव्या देण्यात तिचा जास्त वेळ जाई. “मास्तर,” ती मला म्हणायची, “तुमची पहिलीतली पोरं आणा की. हरतील, पण पळतील तरी!”

एके काळी आमची एक गोष्ट मात्र सगळ्या पुण्यात नावाजलेली होती. ती म्हणजे शॉर्ट कॉर्नर. ज्यांनी हॉकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बचाव करणाऱ्यांनी गोलाजवळ चूक केली की समोरच्या संघाला शॉर्ट कॉर्नर मिळतो. एक जण गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलतो. डीच्या कडेला दुसरा तो थांबवतो. आणि तिसरा, शेजारीच स्टिक उगारून उभा असलेला, थांबलेला चेंडू गोलात हाणतो. ढकलला, थांबवला, मारला. तेवढ्यात बचाव करणारे गोलातून वाघ मागे लागल्यासारखे धावत येतात. त्यामुळे सगळं एका श्वासात व्हावं लागतं.

पूर्वी चेंडू हाताने थांबवायची मुभा होती. सामी खाली बसे, डावा तळवा जमिनीला टेकवी, आणि चेंडू त्या तळव्याला लागून जागच्या जागी मरे. सामी हात उचले. हात उठला रे उठला की याकूब मारे. याकूब बागवानचा फटका इतका जोरकस होता की गोलाची मागची फळी वाजली की पलीकडच्या झाडांवरचे कावळे उडत. सामीचा हात आणि याकूबची स्टिक. त्या जोडीने आम्हाला कितीतरी वर्षं पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकवलं.

मग नियम बदलला. चेंडू हाताने थांबवायचा नाही, फक्त स्टिकने.

“आज हात नको म्हणतात,” सामी म्हणाला होता, “उद्या म्हणतील पाय पण घरी ठेवून या.”

त्या मोसमात शॉर्ट कॉर्नर मिळाला की दर वेळी तेच होई. चेंडू निघे, सामीचा हात आपोआप खाली जाई, शिट्टी वाजे. कप्तान किसन परदेशीने दुसऱ्या दोघांना थांबवायला लावून पाहिलं. एकाच्या स्टिकवरून चेंडू उडाला, दुसऱ्याच्या स्टिकखालून गेला. परत सामीला उभं केलं, परत हात, परत शिट्टी. याकूब बिचारा स्टिक उगारायचा आणि तशीच खाली आणायचा. अख्ख्या मोसमात त्याच्या वाट्याला शॉर्ट कॉर्नरचा एकही धड चेंडू आला नाही.

शेवटी एकच मॅच उरली, रविवारी, छावणी स्पोर्टिंगबरोबर. जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये राहणार. हरलो काय, बरोबरी झाली काय, खाली घसरणार.

“खाली गेलो तर मी स्टिक हातात घेणार नाही,” सामीने सगळ्यांसमोर सांगून टाकलं. “माझ्या बापानं खडकीत कधी दुसरी डिव्हिजन बघितली नाही. माझ्या पोरांनी मला तिथं बघायला नको.”

म्हणून मी त्याला म्हटलं, रोज सकाळी शाळेआधी ये. माझ्या वर्गात दर वर्षी एखादं पोर चारचा आकडा उलटा काढतं. त्याला मारून उपयोग नसतो, चिडून तर नसतोच. त्याचा हात आपल्या हातात धरायचा आणि वळण गिरवून घ्यायचं. एक दिवस ते वळण त्याचं स्वतःचं होतं. सामीचा हात धरणं शक्य नव्हतं, म्हणून बांधला.

पहिले दोन दिवस तो आपटतच राहिला. तिसऱ्या दिवशी हात झटका खायचा, पण स्टिक सोडायची धडपड थांबली. चौथ्या दिवशी चेंडू स्टिकला लागून हातभर बाजूला गेला. सामी त्या चेंडूकडे असा बघत राहिला, जणू पोराने पहिलं पाऊल टाकलं.

“मास्तर, शाब्बास म्हणा की.”

“थांबला नाही अजून.”

“तुमच्या वर्गातली पोरं तुम्हाला कशी सहन करतात?”

शनिवारी मी पट्टी बांधलीच नाही. ते त्याच्या लक्षात आलं. मी चेंडू ढकलला. सामीने दोन्ही हातांनी स्टिक आडवी टाकली. चेंडू लागला आणि थांबला. पुन्हा ढकलला, पुन्हा थांबला. शाळेची घंटा वाजेपर्यंत एकही सुटला नाही. मी चेंडू ढकलत होतो, सामी थांबवत होता. मारायला कुणी नव्हतं, कारण याकूब पहाटेच फळं आणायला मार्केट यार्डात जाई. त्याची गरजही वाटली नाही. मारणं याकूबला कोण शिकवणार?

रविवारी मैदानाच्या चारही बाजूंना माणसं होती. आमची घसरगुंडी बघायला निम्मी खडकी लोटली होती. छावणीने पहिल्या अर्ध्यात गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात किसनने कुठून तरी चेंडू पळवत नेला आणि फेडला. बरोबरी. मग आमची माणसं दमली, त्यांचीही दमली, आणि चेंडू मैदानाच्या मधोमध नुसता इकडून तिकडे जात राहिला.

“अरे मारा रे! चेंडू आहे तो, गणपती नाही मिरवायला!” हौसाबाई ओरडत होती.

मॅच संपत आली आणि किसनला डीमध्ये एकाने आडवं पाडलं. अंपायरने हात केला. शॉर्ट कॉर्नर.

आमच्या बाजूचा एक म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. “झाला की सांगा,” तो म्हणाला, “मला शिट्टी बघवत नाही.”

सामी डीच्या कडेला येऊन उभा राहिला. त्याने गर्दीत मला शोधलं आणि मी मान हलवली, वर्गात फळ्याजवळ आलेल्या पोराला हलवतो तशी. याकूब त्याच्या शेजारी, दोन पावलं मागे.

किसनने चेंडू ढकलला. सामी वाकला. दोन्ही हात स्टिकवर. चेंडू स्टिकला लागला आणि जमिनीत रुतल्यासारखा थांबला. शिट्टी वाजली नाही. इतका सुंदर थांबवलेला चेंडू मी आयुष्यात पाहिला नव्हता, आणि माझ्या तोंडून “शाब्बास!” निघून गेलं.

आणि याकूब उभा राहिला.

स्टिक उगारलेली, नजर खाली, पाय जमिनीला खिळलेले. छावणीचा बॅक धावत येत होता. सगळं मैदान “मार! मार!” करत होतं. मग याकूबने मारला. तोपर्यंत तो बॅक येऊन पोचला होता. चेंडू बॅकच्या स्टिकला लागला आणि उंच उडून थेट रेषेबाहेर, हौसाबाईच्या पातेल्याजवळ पडला.

थोड्या वेळाने शेवटची शिट्टी झाली. बरोबरी. आम्ही पहिल्या डिव्हिजनमधून गेलो.

त्यानंतर जे झालं ते मला आजही आठवायला नको वाटतं. ज्यांनी याकूबच्या गोलांवर कावळे उडताना टाळ्या पिटल्या होत्या, तेच लोक त्याच्या अंगावर धावून गेले. “विकला गेला रे विकला गेला!” “बागवान, भाव काय लावलास मॅचचा?” याकूब मान खाली घालून चालत होता. गर्दीतल्या कुणी तरी त्याच्या धर्मावरून एक शब्द काढला. हौसाबाई गर्रकन वळली. तोवर सर्वांत मोठ्या शिव्या तिच्याच होत्या.

“त्याच्या खेळाला काय बोलायचं ते बोल, मी पण बोलतेय,” शेंगांचा झारा त्या माणसाच्या नाकासमोर धरून ती म्हणाली. “त्याच्या देवाला मधे आणलास तर हा झारा बघून ठेव.”

तो माणूस मागे सरकला. गर्दी हळूहळू पांगली.

याकूब मैदानाच्या टोकाला चिंचेखाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. माझा स्वभाव ओरडण्याचा नाही. इतकी वर्षं पहिलीला शिकवणाऱ्याचा असूच शकत नाही. पण त्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहून ओरडलो.

“चेंडू मेलेला होता याकूब! आठवडाभर राबला तो माणूस त्या एका चेंडूसाठी! आंधळ्यानं मारला असता!”

“हो मास्तर.”

“मग थांबलास कशाला?”

याकूब नाडीच्या गाठीशी खेळत राहिला. सामी येऊन माझ्या मागे उभा होता, ते मला कळलं नव्हतं.

“सांग की,” सामी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “मला पण ऐकायचंय.”

“हात उचलायची वाट बघत होतो,” याकूब म्हणाला.

“कुणाचा हात?”

“तुझा.”

“माझे दोन्ही हात स्टिकवर होते.”

“माहीत आहे. दिसत होते मला. डोळ्यांना दिसत होते, पण पाय हलेनात. खाली हात आहे असंच वाटत होतं.” त्याने पहिल्यांदा मान वर केली. “मिरजेपासून असंच आहे सामी. हात बाजूला गेल्याशिवाय मला मारताच येत नाही.”

“मिरजेला काय झालं?” मी विचारलं.

“काही नाही,” सामी घाईने म्हणाला.

“काही नाही कसं? मास्तरांना सांग ना.” याकूब माझ्याकडे वळला. “मास्तर, याची ही दोन बोटं वाकडी आहेत ना? मी मोडली. मिरजेच्या स्पर्धेत यानं हात उचलायच्या आत मारला मी. घाई केली. आवाज ऐकला मी हाडांचा. आणि हा येडा इथं येऊन सगळ्यांना सांगत सुटला, कारखान्यात मशीनमध्ये गेली म्हणून.”

ती बोटं मी आठवडाभर रोज पट्टीत गुंडाळत होतो. मलाही ती मशीनमध्ये गेलेलीच वाटत होती.

“तुला संघातून काढलं असतं,” सामी म्हणाला. “तू तेव्हा नवीन होतास. आणि मारणारा दुसरा होता कोण आपल्याकडे?”

मग सामीने आपले बूट एकमेकांना बांधून खांद्यावर टाकले.

“मला थांबवायला शिकवलंत मास्तर,” तो जाताना म्हणाला. “पण थांबलेला चेंडू मारायला याला कुणी शिकवलंच नाही.”

तो गेला. आपला शब्द मोडणाऱ्यांतला तो नव्हता. खाली गेलो तर स्टिक धरणार नाही, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं होतं. पुढचे कितीतरी महिने तो मैदानाकडे फिरकला नाही. बाजारात भेटला तर पावसावर बोलायचा, कारखान्यावर बोलायचा, हॉकीवर नाही. याकूबच्या फळांच्या गाडीवरून जाताना थांबून मोसंबी घ्यायचा. दोघं बोलत काय असतील ते कळायचं नाही.

दुसऱ्या डिव्हिजनचा आमचा पहिला सामना बोपोडीला नाल्याकाठच्या एका मैदानावर होता. गवताचा पत्ता नव्हता, एका कोपऱ्यात कुणीतरी वीट-वाळू टाकून ठेवली होती, आणि गोलाच्या मागे धोब्याने चादरी वाळत घातल्या होत्या. बघायला आम्ही दहा-बारा माणसं. हौसाबाई शेंगा न घेताच आली होती. “इथं कोण घेणार?” ती म्हणाली. “मी आपली ओरडायला आले.”

संघ मैदानात उतरत होता आणि सामी सायकलवरून आला. अंगात संघाचा जुना, कॉलर विटलेला शर्ट.

“तू सोडलं होतंस ना?” किसनने विचारलं.

“सोडलंच आहे,” सायकल माझ्या हातात देत सामी म्हणाला. “फक्त शॉर्ट कॉर्नरपुरता आलोय.”

“आणि बाकीचा वेळ?”

“बाकीचा वेळ पण उभा राहीन कुठंतरी. मैदान मोठं आहे.”

याकूब दुसरीकडे बघत होता.

समोरची पोरं कोवळी, चपळ होती. त्यांनी आमची दमछाक केली. दोन गोल चढवले. नेहमीसारखा आमचा एक जण पाय मुरगळून बसला. हौसाबाईचा घसा बसत आला. मी मनात म्हटलं, अजून वर्षभर हेच बघायचं आहे. आणि मग आम्हाला शॉर्ट कॉर्नर मिळाला.

सामी जागेवर आला. याकूब दोन पावलं मागे. मी तेवढ्या लांबूनही पाहिलं, याकूबची नजर सामीच्या हातांवर होती. सामीने मागे वळून त्याला काही सांगितलं नाही. नुसता वाकला.

किसनने चेंडू ढकलला. स्टिक आडवी. चेंडू थांबला. आणि त्याच क्षणी सामी घसा फोडून ओरडला,

“उचललाऽऽ!”

याकूबची स्टिक खाली आली. कधी आली ते दिसलंच नाही. फळी वाजली तेव्हा कळलं. गोलकीपर अजून हात जोडल्यासारखा उभा होता.

अंपायर धावत आला. तरुण होता, शिट्टी तोंडातच विसरला होता. ती काढून त्याने सामीला विचारलं, “काय ओरडलात तुम्ही?”

“उचलला, म्हटलं.”

“काय उचललं?”

“हात, साहेब.”

“हात लावला होता चेंडूला?”

“नाही. हात स्टिकवरच होता. विचारा कुणालाही.”

“मग उचलला काय?”

सामीने खांदे उडवले. अंपायरने दुसऱ्या अंपायरकडे बघितलं. त्यानेही खांदे उडवले. ओरडायला मनाई करणारा नियम दोघांनाही आठवेना. शेवटी त्याने मैदानाच्या मध्याकडे हात केला. गोल.

हौसाबाईने माझा सदरा पकडून मला गदागदा हलवलं. त्या मैदानावर कावळे नव्हते, पण धोब्याची एक चादर दोरीवरून खाली पडली होती.

तो सामना आम्ही हरलो. समोरच्यांनी आणखी एक गोल केला. मग पाय मुरगळलेला गडी चुकून आमच्याच गोलात चेंडू ढकलून आला. वरच्या डिव्हिजनमध्ये परत यायला आम्हाला बरीच वर्षं लागली, आणि ती वर्षंही सोशिकपणाचीच गेली.

त्या संध्याकाळी बोपोडीहून आम्ही चालत परत येत होतो. मी सायकल ढकलत होतो, हौसाबाई अंपायरच्या सात पिढ्यांचा हिशेब घेत होती, आणि सामी व याकूब आमच्या पुढे चालले होते.

“पुढच्या वेळी जरा लवकर ओरड,” याकूब म्हणाला. “तुझा आवाज उशिरा येतो.”

सामीने चालता चालता स्टिक त्याच्या पोटरीवर हाणली.